वर्गणी जमली २ लाख ४० हजार, आता कमान बांधायची का?

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई, मी करवीर तालुक्यातल्या एका गावातनं लिहितेय, गावाचं नाव नको. आमच्या झेडपीच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून ५८ पोरं आणि दोन शिक्षक. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे (झाले नाही, केली गेले). यंदा माजी विद्यार्थी आणि यात्रा कमिटी मिळून २ लाख ४० हजार जमलेत. मंडळी म्हणतात कमान, रंगरंगोटी आणि डिजिटल वर्ग करूया. दोन वर्षांमागं एका कंपनीनं दिलेला टीव्ही अजून भिंतीवर नुसता लटकतोय. माझा मुलगा तिसरीत आहे, जोडाक्षर आलं की अडतोय. आमचे हे म्हणतात, सरकारी शाळेत पैसा घालून काय उपयोग, ऊसबिल आलं की कोल्हापूरला इंग्लिश मीडियमला टाकू, फी ४२ हजार, गाडी वेगळी. ताई, शाळेत पैसा घातला की पोरं खरंच शिकतात काय? मीटिंग येत्या रविवारी आहे."

अध्यक्षबाई, "केली गेले" वाचून हसायला आलं, कारण मी बत्तीस वर्षं झेडपीत काढली आणि त्यातल्या निम्म्या समित्यांच्या अध्यक्षा अशाच केल्या गेलेल्या होत्या, सह्या करायच्या आणि चहा घ्यायचा. तुम्ही प्रश्न विचारताय म्हणजे तुमचं वेगळं दिसतंय, म्हणून जरा लांबलचक लिहितेय, मीटिंगच्या आधी वाचून जावा.

पहिलं उत्तर सरळ देते. पैशानं पोरं शिकतात. ह्याच्यावर जगभर पन्नास-साठ वर्षं भांडणं चाललीत. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा मोठा अहवाल आला, त्यात दिसलं की पोराच्या शिकण्यावर शाळेतल्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीचा पगडा जास्त असतो. तेव्हापासून "शाळेवर खर्च करून काय होत नाही" म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं, तुमच्या मिस्टरांचं म्हणणं पण त्याच जातीचं आहे. पण नंतर तिथल्याच अर्थशास्त्रज्ञांनी आणखी बारीक हिशोब केला. ज्या भागात कोर्टाच्या आणि कायद्याच्या दट्ट्यानं गरीब शाळांचा निधी वाढला तिथली पोरं मोठी होईपर्यंत त्यांनी माग काढला, आणि २०१६ साली छापलं की बारा वर्षं दरवर्षी माणशी १० टक्के जास्त खर्च झाला तर ती पोरं पुढं साधारण ७ टक्के जास्त कमावतात, आणि गरीब घरातल्यांना फायदा त्याहून जास्त. आता हा पैसा गेला कशात ते बघा. वर्गातली पोरं कमी झाली, शिक्षकांचे पगार वाढले, शाळेचे दिवस वाढले. कमान कुठंच नाही त्यात.

आणि आपल्याला अमेरिकेपर्यंत कशाला जायला पाहिजे. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. संस्थानाची तिजोरी काय मुंबई सरकारएवढी नव्हती, तरी आधी शाळा आणि मास्तर ह्यावर पैसा घातला. कोल्हापुरात बसून "शाळेवरचा पैसा वाया जातो" असं म्हणायला जरा तोंड पाहिजे, तुमच्या ह्यांना माझ्या नावानं सांगा.

पण दुसरी बाजू पण खरी आहे, ती लपवत नाही. इंडोनेशियात सरकारनं पात्र ठरलेल्या शिक्षकांचा मूळ पगार दुप्पट केला, अभ्यास करणाऱ्यांनी काही शाळांत तो आधी मिळेल अशी व्यवस्था करून दोन-तीन वर्षं तुलना केली, शिक्षक खूश झाले, जोडधंदे कमी झाले, आणि पोरांच्या मार्कांत काय फरक? काही नाही. पेरूमध्ये सरकारनं गावोगावच्या शाळांत पोरांना लॅपटॉप वाटले, भाषा-गणितात फरक पडला नाही. केनियात फुकट पुस्तकं वाटली तर फायदा फक्त आधीपासून हुशार असलेल्या पोरांना झाला, कारण पुस्तकं इंग्रजीत होती आणि बाकीच्यांना ती वाचताच येईनात. (हे वाक्य ४२ हजार फी भरायच्या आधी एकदा परत वाचा.)

मग एकीकडं पैशानं होतंय आणि एकीकडं होत नाही, असं का? तुमच्या घरात म्हशी असतील तर हे मी सांगायची गरज नाही. जनावराला जंत झालेत आणि तुम्ही पेंडीचं पोतं वाढवताय, डेअरीत फॅट लागंल का? आधी जंताचं औषध, मग पेंड. तुमच्या शाळेचं दुखणं काय आहे ते आधी बघायला पाहिजे, आणि ते तुमच्या पत्रातच आहे: तिसरीतला पोरगा जोडाक्षराला अडतोय. तो एकटाच नसणार. असरच्या (गावोगाव घरी जाऊन पोरांना वाचता येतंय का, गणित येतंय का हे तपासतात ती पाहणी) २०२४ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतली तिसरीची जेमतेम २३ टक्के पोरं दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचू शकली, म्हणजे चारातलं एकसुद्धा धड नाही. तेव्हा स्वतःला किंवा पोराला दोष देत बसू नका.

आता माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. मी मुख्याध्यापिका होते तेव्हा आमच्या शाळेला देणगीत वीस टॅब मिळाले. फोटो झाला, हार झाले, पेपरात बातमी आली. टॅब कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. का, तर एखादा फुटला तर लेखी खुलासा कोण देणार, डेड स्टॉकला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या रजिस्टरला, नोंद आहे ना त्याची. आठवड्यातनं एकदा काढायचे, चार्जिंग नसायचं, लाईटबिल थकलं म्हणून मीटर तोडलेला, मग परत आत. दसऱ्याला मात्र कपाटाला झेंडूचा हार न चुकता! त्याच वर्षी गल्लीतली एक बारावी झालेली मुलगी, आईबरोबर शाळेत यायची (आई खिचडी करायची), ती व्हरांड्यात पोत्यावर अकरा पोरं घेऊन बसायला लागली. मी काही फार विचार करून बसवली नव्हती हो, पोरं वर्गात दंगा करत होती म्हणून म्हटलं घे जरा. तिच्याकडं काय होतं, लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेननं लिहिलेले शब्द. त्यात एक चौथीचा पोरगा होता, एसटीची पाटी वाचताना "को-ल-हा-पूर" म्हणायचा, सगळी हसायची, मग तो वाचायचंच बंद झाला होता. तिनं त्याला दोन महिने फक्त "ल्हा", "म्हा", "न्हा" एवढंच दिलं, म्हैस, म्हातारी, पन्हाळा, कोल्हा. दिवाळीच्या सुट्टीआधी तो फळ्यावरची तारीख, वार, सुविचार सगळं घडाघडा वाचून मोकळा, आणि माझ्या कपाटात दोन-अडीच लाखाचा माल झोपलेला.

हे काय माझ्याच शाळेचं नवल नाही. २००१ ते २००३ च्या दरम्यान मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत 'प्रथम' संस्थेनं 'बालसखी' म्हणून हेच केलेलं. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, दोन आठवड्यांचं ट्रेनिंग, महिना ५०० ते ७५० रुपये मानधन, तिसरी-चौथीतली मागं पडलेली पंधरा-वीस पोरं रोज दोन तास त्यांच्याकडं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो (ज्यांना २०१९ चं नोबेल मिळालं तेच) ह्यांनी त्याचं मोजमाप केलं, पोरं स्पष्ट पुढं गेली, आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात कच्च्या पोरांना. इयत्ता बाजूला ठेवायची आणि पोराला जिथवर येतंय तिथनं पुढं शिकवायचं, एवढीच त्यातली जादू. आणि कॉम्प्युटरवाल्या मंडळींना पण नाराज करायला नको, बडोद्यात आठवड्याला दोन तास, दोन पोरांत एक कॉम्प्युटर, ज्याच्या त्याच्या पातळीचे गणिताचे खेळ, असं केल्यावर गणित चांगलंच सुधारलं. म्हणजे यंत्र वाईट नाही, पण ते कोण, कधी, कुठल्या पोरासाठी चालू करणार हे ठरलेलं पाहिजे. तुमच्या टीव्हीचं हे ठरलंय का? नसेल तर दुसरा टीव्ही आणून दोन टीव्ही लटकतील, बाकी काय.

तर २ लाख ४० हजाराचं मी काय करेन ते सांगते, तुमच्या मीटिंगमध्ये शिव्या खायची तयारी ठेवा.

सगळ्यात आधी एक रुपया खर्च न करता ५८ च्या ५८ पोरांना एकेकटं बोलवून वाचायला लावा, अक्षर, शब्द, चार ओळींचा परिच्छेद, गोष्ट, कुठवर जातंय ते वहीत लिहा, गणितात पण अंक ओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. दोन दिवसांचं काम आहे. गुरुजींना सोबत घेऊन करा, त्यांच्या पाठीमागं केलं तर ते परीक्षा घ्यायला आल्यासारखं होतंय आणि मग वर्षभर तोंडं फिरवलेली. खरं सांगायचं तर दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात ऑनलाईन माहिती भरा, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम करा, केंद्रावर मीटिंगला जावा, त्यांनी तरी किती करायचं. ही वही मीटिंगला टेबलावर ठेवा, कमानीचा विषय निघायच्या आधी वाचून दाखवा, पोरांची नावं न घेता.

मग गावातलीच एक मुलगी बघा, डीएड झालेली असली तर उत्तम, नसली तरी चालतंय पण पोरांवर ओरडणारी नको. रोज दोन तास, महिना ६ हजार, वर्षाला दहा महिने. दोन वर्षांचे १ लाख २० हजार झाले. ह्याच्याशिवाय ६० हजार तिसऱ्या वर्षासाठी बाजूला टाका, नाहीतर दोन वर्षांनी पैसे संपले की सगळं ठप्प. ही मुलगी शिक्षकाच्या जागी नाही हां, शिक्षकाच्या मदतीला, आणि समितीचा ठराव, मुख्याध्यापकांची लेखी संमती, केंद्रप्रमुखांच्या कानावर, मानधन खात्यातनं, हे सगळं व्यवस्थित करा. रोख दिलं तर पुढच्या ग्रामसभेत कोण काय बोलंल सांगता येत नाही, आपल्या गावांत शंका काढायला माणूस कमी पडत नाही.

पुस्तकांना २५ हजार. जाडजूड, बोधकथांची, कपाटात शोभणारी नकोत, पानावर दोन ओळी आणि मोठं चित्र असलेली पातळ पुस्तकं, दोरी बांधून त्यावर लावायची, फाटली तर फाटली. १५ हजारात टीव्हीची वायरिंग, स्टॅबिलायझर, थकलेलं लाईटबिल. उरले २० हजार, त्यात रंग आणा आणि यात्रा कमिटीच्या पोरांना म्हणावं श्रमदानानं मारा, हौस पण फिटते. बेरीज २ लाख ४० हजार, करून बघितली तरी चालेल.

संडास, नळ, खडू-फळा ह्याला वर्गणीतनं पैसे घालू नका. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानात ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार धरलेत, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर असा नियम आहे, शिवाय प्राथमिक शाळेला ग्रंथालयाचे ५ हजार आणि खेळाचे ५ हजार वेगळे. यंदा किती आले, कधी आले, कशावर गेले हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, अध्यक्ष आहात तुम्ही, सही तुमची असते. पैसे मार्चच्या तोंडावर येतात आणि घाईघाईत काहीतरी घेऊन टाकतात हा माझा अनुभव, म्हणून यादी आधीच तयार ठेवा. वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीकडं येणारा निधी पण असतोय, शाळेचं काम गावाच्या विकास आराखड्यात बसवायला सरपंचांच्या मागं लागा, वर्गणी गोळा करून सरकारचं काम फुकटात करून देऊ नका.

ह्याच्यावरनंच एक गोष्ट, जी मला स्वतःला वाचून धक्का बसलेला. आंध्रात काही शाळांना माणशी साधारण १२५ रुपये वर्षाला जादा दिले, पाट्या, वह्या, सरावाची पुस्तकं आली. पहिल्या वर्षी मार्क वाढले. दुसऱ्या वर्षी तेवढेच पैसे, आणि मार्कांत वाढ नाही. का, तर आईबापांना कळलं शाळेत वह्या मिळतात, मग घरनं आणायचं बंद केलं. म्हणजे शाळेत एका हातानं आलं आणि घरात दुसऱ्या हातानं गेलं. लोक काय मूर्ख नव्हते, गरीब माणूस असंच करणार, मी पण केलं असतं. पण म्हणून वर्गणीतनं वह्या, दप्तरं असलं काही वाटू नका, जे घरात विकत घेता येत नाही तेच शाळेत आणा. दोन तास पोराजवळ बसून वाचून घेणारं माणूस बाजारात मिळत नाही.

आता तुमच्या ह्यांचं. आंध्रातच आणखी एक प्रयोग झालेला, कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन ह्यांचा. चिठ्ठ्या टाकून काही पोरांना खाजगी शाळेची फी भरून दिली, बाकीची सरकारीत राहिली, चार वर्षांनी तपासलं तर तेलुगू आणि गणितात दोघं सारखेच, हिंदीत खाजगीवाली पुढं कारण तिथं हिंदीला तास जास्त. घरचं वातावरण सारखं ठेवलं की शाळेच्या पाटीचा फरक एवढाच उरतो. आता खरं तर तिथल्या खाजगी शाळा माणशी खर्च सरकारीच्या एक तृतीयांशाच्या आतबाहेर करत होत्या, म्हणजे त्या स्वस्तात तेवढंच शिकवत होत्या, हे पण मान्य करायला पाहिजे, सरकारी शाळेनं ह्यावर फुशारकी मारण्यासारखं काही नाही. पण तुमच्या घराचा हिशोब वेगळा आहे, तुमच्या पोराचे सरकारीतले पैसे सरकार भरतंय आणि इंग्लिश मीडियमचे ४२ हजार तुमच्या उसातनं जाणार. मराठीत जोडाक्षर अडणारं पोर तिथं स्पेलिंग पाठ करंल, वाचता येतंय असं तुम्हाला वाटंल, आणि सातवीत कळंल की दोन्हीकडचं गेलं. माझ्या घरात बहिणीच्या नातवाचं हेच झालं म्हणून जरा चिडून लिहितेय, माफ करा.

सरकारी म्हणजे टाकाऊ असं म्हणणाऱ्यांनी एकदा गुढीपाडव्याला जरगनगरला जाऊन यावं. महापालिकेची शाळा आहे आणि प्रवेशासाठी आईबाप आदल्या रात्रीपासून रांगेत थांबलेले असतात, तेही ह्याच कोल्हापुरात जिथं इंग्लिश मीडियमची गाडी गल्लीगल्लीत फिरते.

आणखी एक साधं गणित. आरटीईच्या म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या तक्त्यात ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० ला तीन. तुमचा पट ५८. गावातली वडापनं किंवा स्कूलबसनं शहरात जाणारी किती पोरं आहेत ती मोजा, चार-पाच घरं वळवली तर तिसरा शिक्षक मागायला तोंड मिळतंय. संचमान्यतेचे (कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवायचे) निकष मध्ये मध्ये बदलत असतात, म्हणून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं जाऊन चालू वर्षाचा नियम लेखी घ्या. आणि तुमचाच पोरगा गेला तर पट ५७, अध्यक्षांचाच पोरगा गेला म्हटल्यावर मागनं आणखी पाच जाणार, हे पण ह्यांना सांगा, जेवताना नको, चहाच्या वेळी सांगा.

वर्षभर करून बघा. मार्चला परत तीच वही काढून तोच मजकूर तुमच्या मुलाला वाचायला द्या, आणि तेव्हाही तो तिथंच अडला तर मला शिव्या घालून खुशाल शाळा बदला, मी पुढच्या पत्राला वाद घालणार नाही. घरी तोवर रोज पंधरा मिनिटं एसटीच्या पाट्या, दुकानांचे बोर्ड, डेअरीची स्लिप जे दिसंल ते वाचून घ्या, चुकला तर हसू नका.

कमानीसाठी जे हट्ट धरतील त्यांना म्हणावं, कमानीवर देणगीदारांची नावं येणार म्हणून ती पाहिजे ना, मग ती नावं वाचनाच्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरात ऑइलपेंटनं लिहितो, पोरांना रोज वाचायला लावतो. नावांत जोडाक्षरं भरपूर असतात. आणि मीटिंगच्या आधी त्या टीव्हीचा रिमोट कुणाकडं आहे तेवढं शोधून ठेवा.